जत्रेच्या बाजारातून कोंबडा आणताय? जात नंतर बघा, आधी लस

शिमगा झाला, गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या आणि आठवडी बाजारात कोंबड्यांची डालगी भरायला लागली. ह्याच दिवसांत लोक विचारतात, घरच्या दहा-बारा कोंबड्यांवर कोंबडा कुठल्या जातीचा सोडू? जातीचं सांगतो खाली. पण दर उन्हाळ्यात आमच्या भागात खुराडी रिकामी होतात ती जात चुकली म्हणून नाही, बाजारातून आणलेला कोंबडा त्याच संध्याकाळी घरच्या कोंबड्यांत सोडला म्हणून.

कोंबडा दिसायला ठणठणीत असतो, तुरा लालभडक. पाच-सहा दिवसांनी घरची एक कोंबडी पंख पाडून कोपऱ्यात बसते, मग हिरवट पातळ शीट, घशात घरघर, एखादीची मान वाकडी होऊन ती जागच्या जागी गोल फिरायला लागते, आणि आठवड्याभरात सगळं साफ. कोणी मर म्हणतं, कोणी मानमोडी, डॉक्टर राणीखेत म्हणतात. व्हायरस आहे, त्यामुळे आल्यावर औषध नाही, फक्त आधी दिलेली लस. आणि ती लस सगळ्यात स्वस्त, तरी तीच राहून जाते कारण एका कुपीत शंभर डोस असतात आणि आपल्याकडे बारा कोंबड्या, मग कोण जाईल दवाखान्यात. अहो, गल्लीतली सात-आठ घरं एकत्र करा आणि एकाच सकाळी सगळ्यांच्या कोंबड्या टोचून घ्या.

आता जात.

घरच्याच अंड्यांवर खुडूक कोंबडी बसवून पिल्लं काढायची असतील तर चांगला गावरान कोंबडाच बरा, पण दुसऱ्या गावातला. तोच कोंबडा तीन-तीन, चार-चार वर्षं ठेवला की तो स्वतःच्या पिल्लांवरच चालतो, मग अंडी कमी फुटतात आणि पिल्लं मरतुकडी निघतात. दीड-दोन वर्षांनी कोंबडा बदलायचाच. शेजारच्याशी अदलाबदल करून भागत नाही, कारण बऱ्याचदा त्याच्या कोंबड्या तुमच्याच अंड्यातल्या असतात.

अंडी वाढवायची असतील तर ग्रामप्रिया किंवा ऱ्होड आयलंड रेडचा नर. ग्रामप्रिया आणि वनराजा दोन्ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने काढलेल्या. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, परसात वनराजा 100-110 च्या आसपास आणि ग्रामप्रिया दीडशेच्या पुढे जाते, अर्थात वरून दाणा दिला तर. ह्यांचा नर गावरान कोंबड्यांवर सोडला की पहिली पिढी अंगाने आणि अंड्याने सुधारते. पण त्याच पिल्लांतला नर परत ठेवून पुढची पिढी काढली की काही उंच, काही बुटकी, काही अंड्यावर बसायचंच विसरलेली, असं सगळं मिसळ निघतं. खुडूक बसणारी कोंबडी गेली की तुम्ही उबवणी मशीनवाल्याच्या दारात उभे, हे लक्षात असू द्या.

वनराजाच्या नराचं अजून एक. अंगाने जड असतो, बारक्या गावरान तलंगांच्या, म्हणजे कोवळ्या कोंबड्यांच्या, पाठीची पिसं उडतात, कधी जखमा होतात, आणि मुंगूस-कुत्रं आलं की तो उडून झाडावर जाऊ शकत नाही. कोकणात किंवा डोंगरकडेला जिथे कोंबड्या दिवसभर मोकळ्या असतात तिथे मी हलका, लांब पायाचा नरच सुचवेन. विदर्भ-मराठवाड्यात बोडक्या मानेचा कोंबडा मिळाला तर सोडू नका, दिसायला बेंगरूळ असतो म्हणून लोक नाकारतात, पण पिसं कमी असल्याने मे महिन्याचं ऊन तो इतरांपेक्षा बरं काढतो.

असील रुबाबदार, मादी पिल्लं जीवापाड सांभाळते, पण नर दुसरा कोंबडा जिवंत ठेवत नाही आणि अंडी फार कमी. कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआकडचा, वजनाला दीड-दोन किलोच्या आसपास. घरी खायला ठेवा हौसेने, पण त्याच्या नावावर कोणी करार घेऊन आला तर 2019 ला सांगली-कोल्हापूरकडे अशाच करारांत शेतकऱ्यांचे पैसे कसे बुडाले ते आधी कोणाला तरी विचारा.

पिकअपवर भोंगा लावून "गावरान पिल्लं, गावरान पिल्लं" करत येतात त्यांच्याकडून काही घेऊ नका. पुष्कळदा ते लेयर म्हणजे अंड्यांच्या जातीचे, उबवणीवाल्यांना नको असलेले नर असतात, कधी कधी रंग मारलेले, आणि लसीचा पत्ता नसतो. पिल्लं हवीत तर पुणे, नागपूर, कोल्हापूर, संभाजीनगर इथे शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत, नंबर लावावा लागतो, लावा.

कोंबडा हातात घेऊन बघायचं ते असं: डोळे स्वच्छ, नाकातून पाणी नाही, छातीचं हाड सरळ, पायावरचे खवले बसलेले (उचललेले खरबरीत असतील तर खरजेचे किडे आहेत), ढुंगणाची पिसं कोरडी. पायाचा काटा लांब आणि वाकडा झाला असेल तर म्हातारा आहे, विकणारा काहीही सांगू दे. आणि हे पुस्तकात नसेल, पण दाणे टाकल्यावर जो कोंबडा स्वतः आधी न खाता कुटकुट करून कोंबड्यांना बोलावतो तो घ्यावा, अशा कोंबड्याच्या अंड्यांत नासकी कमी निघतात असा माझा अनुभव आहे. आठ-दहा कोंबड्यांना एक पुरतो. दोन ठेवले तर मारामारी, आणि उन्हाच्या कडाक्यात दोघंही निकामी. मेमध्ये नराचा जोर तसाही कमी होतो, अंडी बसवायची ती आत्ताच बसवा.

आता परत लसीकडे, कारण क्रम इथेच चुकतो. आधी घरच्या कोंबड्यांना लस, मग पंधरा दिवस थांबा, मग कोंबडा आणा. लस टोचल्याबरोबर अंगात ताकद येत नाही, दहा-चौदा दिवस लागतात. आठ आठवड्यांवरच्या पक्ष्यांना आर-टू-बी नावाची राणीखेतची लस, अर्धा मिली पंखाखाली कातडीत. त्यापेक्षा लहानांना ती अजिबात नाही, त्यांना लासोटा ही राणीखेतचीच दुसरी लस, पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात एक थेंब आणि 28 व्या दिवसाच्या सुमारास परत. मोठ्यांना सहा महिन्यांनी पुन्हा. लस बर्फात आणायची, थर्मास नसेल तर पिशवीत बर्फ घालून, कालवल्यावर दोन तासांच्या आत संपवायची, उरलेली उद्यासाठी ठेवायची नाही. आजारी कोंबडीला टोचू नका. शासनाची लस पुण्यात औंधला बनते, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

आणलेला कोंबडा तीन आठवडे वेगळा ठेवायचा, घराच्या दुसऱ्या बाजूला, भांडं वेगळं, आणि आधी घरच्या कोंबड्यांना दाणा-पाणी मग त्याला, उलटं नाही, कारण रोग तुमच्या चपलेवरून आणि हातावरून येतो. आठवडाभर नीट खातोय असं दिसलं की त्यालाही लस. खुराड्यात सोडल्यावर पुढचे दोन-तीन आठवडे अंडी उबवायला ठेवू नका, आधीच्या कोंबड्याचं बीज तेवढे दिवस कोंबडीच्या पोटात टिकतं.

आणि लोक हे विसरतात: तुमचाच कोंबडा बाजारात विकायला नेला, भाव आला नाही म्हणून परत आणला, तर तोही बाहेरचाच धरायचा. दिवसभर शंभर गावच्या कोंबड्यांत बसून आलाय तो. नवसाचा कोंबडा आठ दिवस अंगणात पायाला दोरी बांधून ठेवतात, तोही तसाच. जत्रेला कापलेल्या कोंबडीची पिसं आणि आतडी उकिरड्यावर टाकली की घरच्या कोंबड्या तिथेच चोची मारतात. खड्डा करून पुरा.

मार्च-एप्रिलची बाकी कामं:
- पाणी दिवसातून तीनदा बदला, मातीच्या भांड्यात
- छपरावर पाचट किंवा गोणपाट
- दाणा सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर
- लस द्यायच्या आठवडाभर आधी जंताचं औषध
- राखेचा खड्डा, उवा-गोचिडांसाठी
- खुराड्याला चुना

दुकानदार "इम्युनिटी"च्या बाटल्या आणि लिव्हर टॉनिक देईल, मर आल्यावर अँटिबायोटिकची पावडरही देईल. लसीच्या बदल्यात ह्यातलं काहीही चालत नाही, आणि त्या एका बाटलीच्या पैशात अख्ख्या गल्लीची लस होते.

तरी मर आलीच तर आजारी कोंबड्या घाईघाईने बाजारात नेऊ नका, पुढच्या गावात तीच मर तुमच्या हाताने जाते. मेलेल्या खोल पुरा, वर चुना टाका, कुत्र्यांना ओढू देऊ नका. एका रात्रीत पटापट मेल्या आणि तुरे निळे-काळे दिसले तर हातही लावू नका, घरी कापून बघायचं तर नावच नको, आधी दवाखान्यात कळवा, ते बर्ड फ्लूही असू शकतं, 2006 ला नवापूरला झालंय. खुराडं धुऊन, चुना मारून निदान महिनाभर रिकामं ठेवा, आणि मग आधी पिल्लांना लासोटा, कोंबडा शेवटी.