बेडकाच्या भ्रूणाचा अभ्यास करताना या चुका टाळा

बेडकाच्या भ्रूणावरची उत्तरे तपासायला घेतली की बहुतेक वेळा पहिल्याच ओळीला थांबावे लागते. ‘फलनानंतर पेशींचे विभाजन होऊन भ्रूण मोठा होत जातो.’ वाक्य साधे दिसते, पण पुढचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

झेनोपस या आफ्रिकन बेडकाचे अंडे साधारण १.२ ते १.४ मिलिमीटर व्यासाचे असते. फलनानंतर सुमारे दीड तासाने पहिले विभाजन होते आणि पुढे जवळजवळ दर अर्ध्या तासाला एक. १२ फेऱ्या झाल्या की सुमारे ४,००० पेशी तयार असतात, पण गोळा होता तेवढाच राहतो. शेताची वाटणी झाली की बांध वाढतात, जमीन वाढत नाही, तसे हे आहे. या काळात पेशी फक्त डीएनएची प्रत काढते आणि विभागते. दोन विभाजनांमधला वाढीचा टप्पा गाळलेलाच असतो. लागणारी प्रथिने आणि आरएनए आईने अंडाशयातच भरून ठेवलेली असतात. या १२ फेऱ्यांनंतर भ्रूणाची स्वतःची जनुके जोमाने कामाला लागतात आणि विभाजनाचा वेग मंदावतो. खरी वाढ पुढे, डिंभ (बेडकाचे पिल्लू) खाऊ लागल्यावर. म्हणून आकृत्या काढताना २ पेशींपासून ब्लास्टुलापर्यंत (आत पोकळी असलेल्या पेशींच्या गोळ्यापर्यंत) कंपासचे माप बदलू नका. आणि ८ पेशींच्या अवस्थेत वरच्या ४ पेशी लहान, खालच्या ४ मोठ्या काढा. खाली बलक जास्त असल्यामुळे तिसऱ्या विभाजनाची खाच मध्यावर न पडता वर सरकते.

दुसरी चूक म्हणजे सुरुवातीला सगळ्या पेशी एकसारख्या असतात असे मानणे. शेत एकच असले तरी माती सगळीकडे सारखी नसते. अंड्याच्या तळाशी काही ठरावीक आरएनए साठलेले असतात आणि ते ज्या पेशीच्या वाट्याला येतात तिचे भवितव्य वेगळे होते. शुक्राणू शिरला की अंड्याची बाहेरची साल आतल्या द्रव्यावरून सुमारे ३० अंशांनी सरकते, आणि शुक्राणू शिरला त्याच्या साधारण समोरची बाजू पाठीची ठरते. पहिली खाच पडण्याच्या आतच हे घडते. अंड्याच्या तळावर अतिनील किरण टाकून हे सरकणे थांबवले, तर पाठ, डोके यांपैकी काहीच नसलेला पोटाचा गोळा तयार होतो. पण तेच अंडे वेळेवर तिरके ठेवले, तर गुरुत्वाकर्षणाने आतले द्रव्य सरकते आणि भ्रूण सावरतो. मला या विषयातला हा सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो.

भ्रूणशास्त्रज्ञ विल्हेल्म रू याने १८८८ मध्ये बेडकाच्या दोन पेशींच्या भ्रूणातली एक पेशी तापल्या सुईने मारली आणि त्याला अर्धा भ्रूण मिळाला. ‘म्हणजे प्रत्येक पेशीचे नशीब ठरलेले असते’ असा निष्कर्ष अजूनही लिहिला जातो. मेलेली पेशी तिथेच चिकटून होती, हे विसरू नका. १९१० मध्ये मॅक्लेंडन याने एक पेशी पूर्ण काढून टाकली, तेव्हा उरलेल्या पेशीपासून अखंड भ्रूण घडला.

विभेदन, म्हणजे पेशीने विशिष्ट प्रकारची होणे, हे नको असलेली जनुके गमावून घडते, हाही गैरसमज. जॉन गर्डन यांनी डिंभाच्या आतड्यातल्या पेशीचे केंद्रक, स्वतःचे केंद्रक निकामी केलेल्या अंड्यात घातले आणि काही अंड्यांतून पुन्हा बेडूक वाढले. जनुके सगळी असतात, कोणती चालू आणि कोणती बंद, एवढेच बदलते. २०१२ चे नोबेल त्यांना याच कामासाठी मिळाले.

स्पेमान आणि हिल्डे मँगोल्ड यांचा १९२४ चा प्रसिद्ध प्रयोग न्यूट या शेपटीच्या उभयचरावरचा आहे, बेडकावरचा नाही. त्यांचा ‘संघटक’, म्हणजे दुसऱ्या भ्रूणात लावल्यास तिथे दुसरे शरीर घडवणारा भ्रूणाचा भाग, मज्जापेशी बनण्याचा हुकूम देतो असे लिहू नका. बाह्यस्तराला (भ्रूणाच्या बाहेरच्या थराला) त्वचेकडे ढकलणारा बीएमपी हा प्रथिनाचा संदेश तो कॉर्डिन, नॉगिन अशा प्रथिनांनी अडवतो. तो अडला की बाह्यस्तर मज्जासंस्थेकडे वळतो.

प्रयोगशाळेत अंडी फलित झाली का, हे निव्वळ भेगांवरून ठरवू नका, कारण खराब होत चाललेल्या अफलित अंड्यांवरही वेड्यावाकड्या भेगा पडतात. फलित अंडे थोड्या वेळात गडद बाजू वर करून वळते आणि त्याची पहिली खाच वरून सरळ खाली उतरते. आणि अवस्था तासांवर मोजू नका. पाणी थंड असेल तर हाच प्रवास बराच लांबतो, म्हणून आधी तापमान लिहा, मग वेळ.