हवेतला ऑक्सिजन मोजा, पण मेणबत्तीने नको

बशीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर उपडा पेला. ज्योत विझते, पाणी चढतं आणि सर म्हणतात, "बघा, पाचवा हिस्सा ऑक्सिजन!" ते सर मीच. कित्येक वर्षं हेच शिकवलं. मग एका पोराने एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या आणि पाणी आणखी वर चढलं. ऑक्सिजन काय तिप्पट झाला? पेल्यातली हवा तापून फुगते, थोडी बाहेर निसटते, उरलेली गार होऊन आक्रसते; पाणी चढतं ते मुख्यतः त्याने. शिवाय ज्योत विझते तेव्हा आत बराच ऑक्सिजन शिल्लकच असतो.

त्यापेक्षा लोखंड गंजवा, गंजताना ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं. भांड्यांची चकचकीत तारेची घासणी घेऊ नका, ती स्टेनलेस, गंजायची नाही. हार्डवेअरच्या दुकानात पॉलिशवाल्यांसाठी स्टील वूल मिळतं, ते बारीकातलं आणा. दहा मिनिटं व्हिनेगरमध्ये भिजवा, म्हणजे वरचं तेल निघेल. मग साध्या पाण्यातून काढून नीट पिळा. आम्ल राहिलं तर हायड्रोजन सुटतो आणि माप बिघडतं. गोळा पिंजून सैल करा आणि परीक्षानळीच्या तळाशी सरकवा. नळी पाण्याच्या भांड्यात उपडी उभी करा, आतल्या पाण्याच्या पातळीवर रबरबँड चढवा आणि एक दिवस विसरून जा.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला बघा, कारण तापमानात तीन अंशांचा फरक पडला तरी हवेचं आकारमान एक टक्का हलतं. वाचण्याआधी नळी वरखाली करून आतलं-बाहेरचं पाणी एका पातळीत आणा. सुरुवातीला 15 सेंमी हवा असेल तर पाणी साधारण 3 सेंमी चढलेलं दिसेल. हवेत ऑक्सिजन 21 टक्के, तेव्हा हिशेब जमतो.

आता नळीचं तोंड पाण्याखालीच अंगठ्याने दाबा, सुलटी करा, पेटती काडी आत सोडा. फट्कन विझते. पोरं ओरडतात, "नायट्रोजन!" बरोबर, पण पुरतं नाही. 1894 पर्यंत मोठमोठ्यांचाही तोच समज होता. हवेतून मिळवलेला नायट्रोजन रसायनांतून काढलेल्यापेक्षा किंचित जड भरतो, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ रॅले यांना खटकलं. त्याचा पाठपुरावा करताना त्यांना आणि रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांना आर्गॉन हा वायू सापडला. हवेत तो 0.93 टक्के, म्हणजे ज्याची रोज चर्चा होते त्या कार्बन डायऑक्साइडच्या वीसपटीहून जास्त.