लहान जातीचं कुत्रं आणण्याआधी: कोकणातल्या घराची तयारी

कागद घ्या आणि सगळ्यात वर एकच प्रश्न लिहा: आषाढात आठ दिवस ऊन पडलेलं नाही, वीज गेलेली आहे, अशा दिवशी या कुत्र्याचे केस कोण वाळवणार आणि कशाने? याचं उत्तर घरात ठरल्याशिवाय एकाही पिल्लाचा फोटो बघू नका. मागच्या वेळी आमच्याकडे जागा, खर्च, खाणं, मुलांचा स्वभाव, सगळ्यावर बोलणं झालं होतं, एवढ्यावर झालं नव्हतं. लांब केसांचा शित्झू आणला आणि जुलै संपेपर्यंत त्याचे चारही पंजे, कान आणि पोट बुरशीने लाल झालं. आता पुन्हा कुत्रं आणायचं चाललंय, बहिणीलाही हवंय, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

फोटोतलं कुत्रं कोरडं असतं. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि पाऊस थांबला तरी हवा ओलीच राहते. दांडीवरचा पंचा तीन दिवस वाळत नाही, मग चार बोटं लांब केस कसे वाळतील? वरून हात फिरवला तर कोरडे लागतात, मुळाशी ओल तशीच असते. त्या ओलीत बुरशी धरते. आधी बोटांच्या बेचक्यांत, मग कानात, मग काखेत. कुत्रं पंजे चाटत बसतं, आपल्याला वाटतं सवय आहे. सवय नसते, खाज असते. कानाला आंबूस वास आला तर समजा उशीर झालाय.

म्हणून जात निवडताना आधी केस बघा, तोंडवळा नंतर.

शित्झू, ल्हासा, माल्टीज, यॉर्कशायर टेरियर, टॉय पूडल यांचे केस आपल्या डोक्यावरच्या केसांसारखे वाढतच राहतात. घरभर केस पडत नाहीत म्हणून लोक भुलतात. पण गळत नाहीत म्हणजे मोकळे झालेले केस तिथेच अडकतात, ओले झाले की त्यांच्या जटा होतात, आणि जटेखाली हवा जात नाही. यातलं कुठलंही घ्यायचं असेल तर मृगाच्या आधी अंगावरचे केस बोटभर ठेवून बाकी सगळे कापायचे. पंजाच्या गाद्यांमधले, पोटाखालचे, कानाच्या आतल्या बाजूचे तर अगदी बारीक. मग दर पाच-सहा आठवड्यांनी पुन्हा. हे कापणारं माणूस जवळपास आहे का ते आत्ता शोधा, नसेल तर मशीन घेऊन स्वतः शिका. लांब रेशमी केसांचा शित्झू कोकणात पावसाळाभर सांभाळणं ज्यांना जमतं त्यांच्या घरी दिवसातून दोनदा तासभर मोकळं माणूस असतं. तुमच्याकडे आहे का?

पॉमेरियनची गोष्ट वेगळी. त्याला आत दाट लोकर आणि वर राठ केस असे दोन थर. आतला थर भिजला की वाळता वाळत नाही. त्यात आणखी एक सापळा: गरम होतं म्हणून लोक त्याला पूर्ण भादरतात. भादरू नका. ते केस पुष्कळदा पूर्वीसारखे परत येत नाहीत, टकलाचे चट्टे राहतात. रोज बारीक तारांच्या ब्रशने आतली लोकर विंचरून काढणं हाच उपाय. आणि आपल्याकडे पॉमेरियन म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतं. खरा पॉमेरियन तीन-साडेतीन किलोच्या आत भरतो, स्पिट्झ त्याच्या दुप्पट किंवा जास्त. स्पिट्झमध्ये वाईट काही नाही. इथल्या हवेत पिढ्यान् पिढ्या वाढलेला आहे, काटक आहे, फक्त भुंकतो फार. पण पॉमेरियनचे पैसे देऊन स्पिट्झ आणू नका.

आखूड केसांचे म्हणजे मिनिएचर पिन्शर (मिनपिन), आखूड केसांचा चिवावा, डॅशहंड आणि पग. पंच्याने दोनदा पुसलं की काम झालं. माझ्या मते कोकणात राहणाऱ्याने निवड इथूनच सुरू करावी. मात्र पग या रांगेत केसांमुळे आला तरी नाकामुळे बाहेर पडतो.

नाकाचं सांगते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते जीभ बाहेर काढून धापा टाकतं, तोंडातली ओल उडते आणि अंग निवतं. आपल्या दमट हवेत ती ओल मुळातच कमी उडते. त्यात पग, शित्झू यांचं नाक आत बसलेलं, श्वासाची वाट अरुंद, म्हणजे आधीच जे कमी चालतं ते आणखी कमी. कुत्र्याचं अंग एरवी ३८ ते ३९ अंश असतं; ४१ च्या वर गेलं की जिवावर बेततं. मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या उन्हात पगला दुपारी बाहेर न्यायचंच नाही. घोरतो ते गोड वाटतं, पण जागेपणीही घरघर ऐकू येत असेल तर ते पिल्लू घेऊ नका. जाहिरातीत पग बघून लोकांनी घराघरात आणले, त्यातले किती उन्हाळ्यात हाल काढतात ते डॉक्टरांना विचारा. तोंडावरच्या घड्या रोज पुसून कोरड्या कराव्या लागतात हे वेगळंच. म्हणजे तिथेही वाळवणं आलंच.

तेव्हा पुन्हा त्या वरच्या प्रश्नाकडे, कारण लोक इथपर्यंत वाचतात आणि म्हणतात, आम्ही हेअर ड्रायर घेऊ. घ्या. पण तो हजार-दीड हजार वॅट खातो, घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर चालत नाही. आणि वादळी पावसात वीज जाते ती तासा-दोन तासांसाठी नाही, कधी कधी दुसऱ्या दिवशीपर्यंत. मग काय उरतं? जुने सुती पंचे, भरपूर, आणि इन्व्हर्टरवरचा पंखा. पंचे दोन-तीन पुरत नाहीत कारण तेही वाळत नाहीत. डझनभर तरी लागतात. चुलीपाशी बांधून शेकायचं नाही, धूर आणि चटका दोन्ही वाईट. वीज असेल तेव्हाही ड्रायरचा झोत कोमट, आणि कुत्र्याच्या अंगाजवळ स्वतःचा हात ठेवून बघत बघत. प्रत्येक वेळी बाहेरून आलं की आधी पंजे, बोटं फाकवून, मग पोट, मग कानाची पाळी उलटून. हे दिवसातून तीन-चार वेळा. चार महिने. घरात कोण करणार त्याचं नाव त्या कागदावर लिहा. 'सगळे मिळून करू' असं लिहू नका, ते कुणीच करत नाही.

आता आकार. चिवावा पावणेतीन किलोच्या आतबाहेर. मुंबईच्या ब्लॉकमध्ये ठीक, पण ज्यांच्या घरामागे डोंगर, परसात माड-सुपारी आणि गडग्याच्या चिऱ्यांत भोकं, त्यांनी विचार करावा. बिबट्या कुत्र्यांसाठीच वाडीत उतरतो, पडवीत बांधलेलं मोठं कुत्रंही नेतो. लहान कुत्रं रात्री घरातच, दार लावून, याला अपवाद नाही. फुरसं, घोणस यांचा धोका मोठ्या कुत्र्यालाही असतो, पण तीन किलोच्या जिवात विष पसरायला वेळ लागत नाही. डॅशहंड आणि मिनपिन तर स्वभावानेच बिळात नाक खुपसणारे. पावसात अंगणात येणारे बेडूक, त्यातले खरखरीत पाठीचे मोठे, तोंडात धरले तर लाळेचा पूर येतो. पाण्याने तोंड धुऊन काढा आणि डॉक्टरांना फोन करा. एप्रिलमध्ये काजूबिया वाळत घातल्या असतील तर कुत्रं तिकडे सोडू नका. सालीतलं तेल आपली बोटं सोलून काढतं, त्याच्या जिभेचं काय होईल?

चिवावा आणि माल्टीजची पिल्लं उपाशी राहिली की रक्तातली साखर उतरून लटपटतात. पहिले काही महिने तीन-चार तासांनी थोडं थोडं खायला हवं. घरातले सगळे सकाळी बागेत जाऊन दुपारी येत असाल तर या जाती विसरा.

डॅशहंडची पाठ लांब, मणके नाजूक. आपली जोती उंच, चिऱ्याच्या पायऱ्या वीतभर उंच आणि पावसात शेवाळलेल्या. दिवसात दहा वेळा उड्या मारल्या की पुढे मागचे पाय लुळे पडण्याची भीती. एकतर उताराची फळी लावा किंवा उचलून न्या. गुळगुळीत टाइल्सवरही तेच, तिथे गोणपाट नाहीतर सतरंजी टाका. लहान जातींमध्ये गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास पुष्कळ असतो. पिल्लू चालताना मधेच एक पाय उचलून उडी मारत असेल तर नीट तपासून घ्या.

डॉक्टर कुत्रं आणण्याआधी शोधा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यावर गाई, म्हशी, बकऱ्यांचा भार असतो, तिथले लोक जीव तोडून काम करतात, पण दोन किलोच्या पिल्लाची शीर शोधणं, गोचीडतापाचं रक्त तपासणं, भूल देणं हे सगळं तिथे होईलच असं नाही. जाऊन विचारा. नसेल तर रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, सावंतवाडी, तुमच्या बाजूला जे पडेल तिथे कोण आहे, रात्री फोन उचलतात का, हे लिहून ठेवा. कोल्हापूरच्या भरवशावर राहत असाल तर पावसात घाटात दरड आली की तो रस्ता बंद, हे धरून चाला. त्वचेसाठी वारंवार जावं लागतं. केसाळ कुत्रं घेतलं तर या फेऱ्या आणखी वाढतात.

लसी. सहा ते आठ आठवड्यांची पहिली, मग तीन-चार आठवड्यांनी पुढच्या, सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनंतर. पुढच्या लसी डॉक्टर सांगतील त्या वेळेला. हे सगळे सांगतात. जे विचारायचं राहतं ते असं: लशीत लेप्टो आहे का? सगळ्या लशींत नसतो. उंदराच्या मुतातून पाण्यात उतरणारा हा रोग आपल्याकडे भातशेतीत माणसांना होतो, कुत्र्यालाही होतो. आग्रहाने मागून घ्या. इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबा, लहान कुत्र्यांना रिॲक्शन येण्याची शक्यता थोडी जास्त.

गोचीड. दोडामार्ग-बांदा भागातल्या लोकांना २०१६ पासून माकडतापामुळे गोचिडीचं नाव नवं नाही. कुत्र्यावर असते ती त्याहून वेगळी, पण तीही ताप देते, रक्तातल्या पेशी उतरवते आणि लहान कुत्रं भराभर खंगतं. औषध वजनावर ठरतं, डॉक्टरांकडूनच घ्या. गोठ्यातलं गुरांचं औषध कुत्र्याला चोळू नका. खरंच नका. लांब केसांत गोचीड दिसतही नाही, हाताने चाचपावी लागते. पंजे वाळवताना बोटांच्या मध्ये बघायची सवय लावा, एका कामात दोन होतात. वाळवणं चुकवलं तर तेही राहतं.

विकत घेताना: २०१७ च्या नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नोंदणी विचारा. आई बघा, फोटोत नाही, समोर. रात्रीच्या बसने टोपलीत घालून पाठवतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, स्वतः जाऊन मांडीवर आणा. जून-जुलैत आणू नका. दिवाळीनंतर आणा, म्हणजे पहिल्या पावसाआधी लसी संपतील आणि पंजे हातात द्यायची, पंच्याने पुसून घ्यायची, ड्रायरच्या आवाजाची सवय पिल्लाला कोरड्या दिवसांत लागेल. मोठ्या वयात ही सवय लावताना चावे बसतात.

बाकीचं भराभर. गळ्यात पट्टा नको, छातीचा हार्नेस, लहान जातींची श्वासनळी नाजूक असते. दात लहानपणापासून घासा, किटण लवकर धरतं. सुरुवातीला आधीचं खाणं तेच ठेवा, बदलायचं तर आठवडाभर मिसळून. माशाचे काटे नाहीत. झोपायची जागा जमिनीपासून उंच, पाट किंवा खाट, कारण फरशीला ओल येते. झावळ्या आणि नारळ उतरवून घ्या, पाडप्याला आधी सांगून. नगरपालिकेच्या हद्दीत असाल तर परवाना. फाटकाच्या गजांमधलं अंतर मोजा, मिनपिन त्यातून निघतो.

गणपतीत आणि शिमग्याला घर भरतं, दारं उघडी राहतात, ढोल वाजतात. त्या दिवसांसाठी माजघरातली एक खोली आणि तिच्या दाराला कडी.