स्वतःबद्दलचं लिखाण मित्रांकडून तपासून घेताना या चुका टाळा

आजीवरचा लेख मी मैत्रिणीला वाचायला दिला. तिने मन लावून तपासला. मांडीवरचं सूप, ओल्या फडक्यातली तेंदूची पानं, विडीला दोरा गुंडाळणारी बोटं, सगळं तसंच ठेवलं. फक्त आजीचं ‘काय करूलालास रे?’ खोडून ‘काय करतो आहेस रे?’ केलं. वाक्य शुद्ध झालं, पण त्यातली माझी आजी गेली.

दोष मैत्रिणीचा नव्हता. लेख देताना मी ‘जरा बघ’ एवढंच म्हणालो होतो. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. काय बघायचं ते स्पष्ट सांगा: शुद्धलेखन, लांबण, की खोटं वाटणारी जागा? बोलीतल्या संवादांना हात लावायचा नाही, हेही आधीच सांगा. आता मी मित्रांना कागदासोबत पेन्सिल देतो आणि सांगतो: ‘अडखळलात तिथे समासात रेघ मारा, नवं वाक्य लिहू नका.’ दुरुस्ती माझी मी करतो. दोघांनी एकाच ओळीवर रेघ मारून उपाय मात्र वेगवेगळे सुचवले, तर उपाय सोडा आणि ती ओळ पुन्हा लिहा.

नुसतं ‘छान आहे’ आलं, तर ‘काय लक्षात राहिलं?’ असं विचारा. उत्तरात तुमचा मुख्य प्रसंगच आला नाही, तर तो कागदावर अजून उतरलेला नाही.

वाचायला देण्याआधी तोंडी गोष्ट सांगून टाकू नका. ज्याला ती आधीच माहीत असते, त्याला कागदावर राहून गेलेलं दिसत नाही. आजोबांवरच्या लेखात मी ‘जुनी मिल’ एवढंच लिहिलं होतं. सोलापूरच्या मित्रांना ते खटकलं नाही. नाशिकच्या मित्राने विचारलं, “जुनी म्हणजे कुठली?” तेव्हा १८७७ साली सुरू झालेल्या सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग मिलचं नाव लेखात आलं. म्हणून एक तरी वाचक गावाबाहेरचा हवा.

पहिला खर्डा लगेच देऊ नका, आठवडाभर ठेवा.

आणि ज्यांच्याबद्दल लिहिलंय, त्यांना विचारल्याशिवाय मित्रांना कागद दाखवू नका. काकूच्या कर्जाचा परिच्छेद मी आधी तिलाच वाचून दाखवला. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “सावकाराचं नाव काढ. बाकी राहू दे, खरंच आहे ते.”