जुने चिनी चांदीचे डॉलर घ्यायचेत? आधी वजनकाटा घ्या

चिनी चांदीच्या नाण्यांचा नाद मला लागला तो एका प्रदर्शनातल्या टेबलावर, आणि लागला तोच मुळी फसवणुकीने. मोटारगाडीचं चित्र असलेला ग्वेझोऊ प्रांताचा १९२८ चा डॉलर, विक्रेता म्हणाला घरातून निघालाय, हजार रुपये द्या. मी दिले. घरी आणून काट्यावर ठेवला तर वीस ग्रॅम भरला, आणि फ्रीजवरचं लोहचुंबक जवळ नेलं तर टुणकन चिकटला. खरा मोटार डॉलर हजारात मिळणं म्हणजे सदाशिव पेठेत वाडा हजारात मिळणं. तेव्हा सुरुवात वाचनाने किंवा खरेदीने नाही, काट्याने करा. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा, वर्निअर कॅलिपर, दहा पट मोठं दाखवणारं भिंग आणि एक निओडायमियम मॅग्नेट, एवढं सामान बास. हे सगळं एखाद्या महागड्या खोट्या नाण्यापेक्षा स्वस्त पडतं.

आता घ्यायचं काय. एकदम ड्रॅगनच्या, म्हणजे ड्रॅगनचं चित्र असलेल्या डॉलरच्या, मागे लागू नका. ड्रॅगन डॉलर सुरू झाले ग्वांगडाँगच्या टांकसाळीत १८८९-९० च्या सुमारास, मशिनं इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमहून आणलेली, मग हुबेई, जियांगनान, बेइयांग, सिचुआन, युनान अशा एकेका ठिकाणच्या टांकसाळी आपापले ड्रॅगन काढायला लागल्या आणि त्यात इतक्या व्हरायटी झाल्या की जाणकारसुद्धा वाद घालतात. नवशिक्याला तिथे बुडायला वेळ लागत नाही. माझं मत विचाराल तर पहिलं नाणं चिनी प्रजासत्ताकाचा सुरुवातीचा अध्यक्ष युआन शिकाई याचं घ्या, ज्याला चिनी लोक 'युआन दातोउ' म्हणजे मोठ्या डोक्याचा युआन म्हणतात, कारण ते प्रचंड संख्येने निघाले आणि त्यांवरची सगळी चिनी अक्षरं, मोजमापं, खुणा नीट माहीत आहेत. अगदीच कमी पैशात हवं असेल तर ग्वांगडाँगची वीस सेंटची छोटी नाणी बघा, साधारण ५.३ ग्रॅमची, चांदी त्यात कमी असते पण ड्रॅगन तोच.

आणि दुसरं नाणं? ब्रिटिश ट्रेड डॉलर. हे तांत्रिकदृष्ट्या चिनी नाही पण चिनी बाजारासाठीच काढलेलं, १८९५ पासून, आणि त्यातले बहुतेक छापले गेले आपल्या मुंबईच्या टांकसाळीत! एका बाजूला त्रिशूळ घेऊन उभी ब्रिटानिया, त्या त्रिशूळाच्या मधल्या टोकावर भिंगाने बघा, बारीकसं 'बी' अक्षर दिसेल, तो मुंबईचा मार्क. दुसऱ्या बाजूला चिनी अक्षरं आणि अरबी वळणाची मलाय लिपी. वजन २६.९५ ग्रॅम, चांदी ९० टक्के. ब्रिटानियाला चिनी लोक सरळ 'उभा माणूस' म्हणायचे, बाई आहे हे कुणी मनावर घेतलं नाही.

पायरी पहिली म्हणजे नाणं वाचणं. चिनी येत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही, युआन दातोउवर वर्ष डोक्याच्या वरच्या बाजूला लिहिलेलं असतं आणि ते उजवीकडून डावीकडे वाचायचं. पाचवं अक्षर म्हणजे आकडा. तीन आडव्या रेघा दिसल्या तर प्रजासत्ताकाचं तिसरं वर्ष, त्यात १९११ मिळवा, झालं १९१४. अधिकचं चिन्ह दिसलं तर दहा, म्हणजे १९२१. मधे आठवं आणि नववं वर्ष आहे, १९१९ आणि १९२०. एक सोपी युक्ती सांगतो, तिसऱ्या वर्षाच्या नाण्यावर एकूण सहा अक्षरं, बाकी तिन्ही वर्षांवर सात, कारण शेवटी 'बनवलं' अशा अर्थाचं एक जास्तीचं अक्षर आहे. 'चौथं वर्ष' लिहिलेला दातोउ डॉलर कुणी दुर्मिळ म्हणून दाखवला तर हसून पुढे जा. बहुतेक ड्रॅगनवाल्यांवर इंग्रजीत प्रांताचं किंवा टांकसाळीचं नाव आणि '७ मेस अँड २ कँडरीन्स' असं असतं, ते वजन आहे. दहा कँडरीनचा एक मेस, दहा मेसचा एक ताएल, आणि सरकारी खजिन्याचा ताएल ३७.३ ग्रॅमचा, म्हणजे ७ मेस २ कँडरीन हे २६.८६ ग्रॅम झाले. हा आकडा पाठ करून टाका, कारण या जगात सगळं याच्याभोवती फिरतं. खोट्या नाण्यांवर या इंग्रजीत स्पेलिंगच्या चुका भरपूर सापडतात.

पायरी दुसरी, आणि इथे वेळ घालवा : तपासणी. आधी वजन. दातोउ २६.८ च्या आसपास हवा, बराच झिजलेला असेल तर २६.४ चालतो, पण २५ च्या खाली गेला आणि झीज दिसत नाही तर सोडून द्या. व्यास ३९ मिलिमीटर. मग मॅग्नेट, चांदीला चिकटता कामा नये, पण चिकटलं नाही म्हणजे खरं असं मुळीच नाही, पितळ आणि तांबे-निकेलसुद्धा चिकटत नाहीत. म्हणून पाण्याची टेस्ट. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करायचं, नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवायचं पण तळाला किंवा काठाला लागू द्यायचं नाही, काट्यावर जो आकडा येईल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागायचं. नव्वद टक्के चांदी असेल तर उत्तर १०.३ च्या जवळपास येतं, म्हणजे २६.८ ग्रॅमच्या नाण्याला काटा २.६ दाखवतो. तीन दाखवला तर ते तांबे-निकेल, त्याहून जास्त दाखवला तर पितळ नाहीतर लोखंड. नाण्याला बुडबुडे चिकटलेत का बघा, नाहीतर खरं नाणंही नापास होईल.

आवाजाचंही तसंच. चीनमध्ये लोक दातोउ दोन नखांत मधोमध धरतात, कडेवर जोरात फुंकर मारतात आणि पटकन कानाशी नेतात, बारीक लांब गुणगुण ऐकू येते. आपल्याकडे आजोबा राणीछाप रुपया फरशीवर वाजवून बघायचे, खणखणीत की बद्द, तोच प्रकार. फरशीवर मात्र टाकू नका, कडेला मार बसला की किंमत गेली. बोटाच्या टोकावर ठेवून पेन्सिलीने हलकं टिचवा.

एवढं सगळं पास झालं तरी हुरळून जाऊ नका. आजकाल बनावटवाले बरोबर टंचाच्या खऱ्या चांदीत नाणी काढतात, आणि तिथे काटा आणि पाणी दोन्ही हात टेकतात. मग भिंग. ओतीव नाण्यावर बारीक पुटकुळ्या किंवा छिद्रं दिसतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत, आणि कडेवर कुठेतरी जोड घासल्याची रेघ. खरं नाणं डायने म्हणजे कोरलेल्या ठशाने दाबलेलं, त्याची अक्षरं जमिनीतून सरळ उभी राहतात, कडेच्या खाचा एकसारख्या असतात. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे ऑक्शनच्या साइटवरचा त्याच वर्षाच्या खात्रीच्या नाण्याचा मोठा फोटो शेजारी उघडून ठेवायचा आणि केसांच्या रेघा, पदकं, धान्याच्या लोंबीची पानं एकेक करून जुळवायची, दोन तास जातात, जाऊ देत. खरं साधं नाणं घेऊन त्यावर नंतर अक्षरं कोरायची हीसुद्धा एक कला आहे बरं का, तिसऱ्या वर्षाच्या दातोउवर 'गान्सू' प्रांताची दोन अक्षरं असलेलं नाणं महाग, म्हणून ती अक्षरं घालून विकणारे खूप.

काही नाण्यांवर ठिकठिकाणी छोटे चिनी शिक्के मारलेले दिसतील, त्यांना चॉप म्हणतात. आणि हा शब्द आपलाच, 'छाप'! चीनच्या बंदरांत चांदी पारखणाऱ्या माणसाला 'श्रॉफ' म्हणायचे, म्हणजे आपला सराफ, हाँगकाँगमध्ये पार्किंगचे पैसे भरायच्या खिडकीवर आजही 'श्रॉफ' अशी पाटी असते. व्यापारी किंवा श्रॉफ नाणं तपासून आपला छाप मारून पुढे ढकलायचे, काही स्पॅनिश आणि मेक्सिकन डॉलर तर इतके ठोकलेले असतात की वाटीसारखे खोलगट झालेत. चॉप असला की बहुतेकदा भाव कमी होतो, पण छापवालीच नाणी जमवणारेही लोक आहेत आणि खरं सांगू, मला तीच जास्त आवडतात. चॉप म्हणजे अस्सलपणाची हमी असं मात्र समजू नका, बनावटवाल्यांकडे छोटे शिक्के पण असतात.

महाग नाणं घ्यायचं तर पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून ग्रेड देणाऱ्या कंपन्यांच्या स्लॅबमधलंच, म्हणजे सीलबंद प्लास्टिकच्या डबीतलंच घ्या. ते १ ते ७० च्या स्केलवर ग्रेड देतात, आणि घासलेलं किंवा खरवडलेलं असेल तर आकडा न देता 'डिटेल्स' लिहितात. स्लॅबही खोटे येतात, त्यामुळे नंबर त्यांच्या साइटवर टाकायचा आणि तिथे फोटो असेल तर ओरखडा-न्-ओरखडा जुळवायचा. नुसता नंबर बरोबर आला म्हणून पैसे पाठवू नका, खऱ्या स्लॅबचा नंबर खोट्यावर चिकटवणं ही तर सोपी गोष्ट.

आता किंमत. तळ ठरवायचा चांदीने, २६.८६ ग्रॅमचा ८९ टक्के म्हणजे दातोउमध्ये साधारण २३.९ ग्रॅम शुद्ध चांदी, गुणिले आजचा भाव. याच्याही खाली कुणी देत असेल तर खूश होऊ नका, संशय घ्या. त्यावर वर्ष आणि व्हरायटी. तिसरं आणि नववं वर्ष भरपूर मिळतं, पण त्याच १९१४ च्या नाण्यावर डाय कोरणाऱ्या इटालियन जॉर्जीची इंग्रजी सही असेल तर ते नमुना नाणं, किंमत कुठल्या कुठे. १९३२ चा जहाज डॉलर असाच, जहाजावर तीन पक्षी आणि बाजूला उगवता सूर्य, लोकांना त्यात जपान दिसला आणि पुढच्या वर्षी पक्षी आणि सूर्य दोन्ही गेले. पक्षीवाला महाग, १९३३-३४ चा बिनपक्ष्यांचा स्वस्त. त्यातही १९३४ लिहिलेले काही १९४९ मध्ये अमेरिकेत छापले गेलेत.

भाव बघताना विक्रेत्याने मागितलेली किंमत बघू नका, मागायला काय, कुणीही काहीही मागतो. ऑक्शनमध्ये प्रत्यक्ष विकलेल्या नाण्यांचे भाव बघा, त्याच वर्षाची, त्याच ग्रेडची, गेल्या एक-दोन वर्षांतली पाच-सहा विक्री काढा, सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची सोडा. दाखवलेल्या किमतीत ऑक्शन हाऊसचं कमिशन धरलंय की नाही तेही बघा. परदेशातून मागवणार असाल तर शिपिंग आणि कस्टम वर धरा, आणि विकायची वेळ आली की डीलर त्याचं मार्जिन कापूनच देणार हे आधीच मनात धरून ठेवा.

कायद्याचं थोडक्यात : भारतात शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर पाठवायला बंधनं आहेत, म्हणजे इथे घेतलेला १९१४ चा दातोउ ग्रेडिंगसाठी पाकिटात घालून परदेशी पाठवला असं चालत नाही. चीनमधूनही जुनी नाणी बाहेर आणायला कडक नियम आहेत. पावती नेहमी मागा, त्यावर वर्ष आणि वजन लिहून घ्या.

ठेवताना मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, काही वर्षांत हिरवट चिकट थर येतो. शुद्ध अॅसिटोनने तो निघतो, पण चोळायचं नाही, नुसतं बुडवायचं. कडक अॅक्रिलिकची कॅप्सूल आणि डब्यात सिलिका जेल, कोकणात राहत असाल तर पावसाळ्याआधी जेल बदला. आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा की काळपट झालेलं नाणं तसंच चांगलं असतं. माझा एक मुंबईचा ट्रेड डॉलर आईने गुढीपाडव्याला देवाच्या भांड्यांबरोबर चिंच लावून घासला, 'किती काळं ठेवलं होतंस रे' म्हणाली, आणि तेव्हापासून तो लखलखीत आहे आणि मोडीच्या भावाचा आहे.