कादंबरीकाराशी गप्पा मारायला बसताय? या चुका टाळा

नवी कादंबरी आली की प्रकाशनाच्या भाषणांऐवजी दुसऱ्या एखाद्या कादंबरीकारानं लेखकाशी तासभर गप्पा माराव्यात, ही पद्धत आता पुण्यात चांगली रुळली आहे. मला ती मनापासून आवडते. लिहिणाऱ्याला लिहिणाराच असं काही विचारू शकतो, जे इतर कुणाला सुचणार नाही. म्हणूनच त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा होताना पाहिल्या की जीव तुटतो.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे पुस्तक पुरतं न वाचता व्यासपीठावर बसणं.

माझ्या एका मैत्रिणीनं सहा वर्षं खपून एक कादंबरी लिहिली. मलपृष्ठावर ‘पानशेतच्या पुराची कादंबरी’ असं छापलं होतं आणि तिथंच घात झाला. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, हे पुण्यात घरोघरी ऐकायला मिळतं. तिच्या कादंबरीत हा पूर नऊ पानांत ओसरतो. पुढची अडीचशे पानं एका बाईची आहेत. शनिवार पेठेतला वाडा गेल्यावर ती गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत पुन्हा संसार मांडते. तिच्या लाकडी कपाटावर पाणी जिथवर चढलं तिथं चिखलाची रेघ उमटली आहे. ती रेघ तिनं तीस वर्षं पुसलेली नाही. सबंध कादंबरी त्या रेघेवर उभी आहे.

गप्पा मारायला जे गृहस्थ आले होते, त्यांच्या स्वतःच्या तीन कादंबऱ्या आहेत. त्यांनी मलपृष्ठ आणि सुरुवातीची काही पानं एवढंच वाचलं होतं, हे मला दुसऱ्याच प्रश्नाला कळलं. पुराची माहिती कुठून मिळवली? जुनी वर्तमानपत्रं चाळली का? धरण फुटलं त्यात दोष कोणाचा? चाळीस मिनिटं हेच चाललं. मैत्रीण सभ्यपणे उत्तरं देत राहिली. मी तिसऱ्या रांगेत होते, मला तिचे हात दिसत होते. ती मांडीवरचं पुस्तक उघडत होती आणि मिटत होती.

शेवटी श्रोत्यांना प्रश्न विचारायला सांगितलं, तेव्हा मागच्या रांगेतले एक आजोबा उठले. म्हणाले, “कपाट आतून घासूनपुसून लख्ख केलं तिनं, मग बाहेरची रेघ तेवढी का ठेवली?” मैत्रीण क्षणभर गप्प झाली आणि मग त्या संध्याकाळी पहिल्यांदा मोकळी होऊन बोलली. पहिल्या दोन खर्ड्यांत त्या बाईनं रेघ पुसून टाकली होती आणि दोन्ही वेळा कादंबरी मध्येच अडून बसली होती. रेघ राहू दिली तेव्हा पुढचं सुचत गेलं. हे सांगायला तिला चार मिनिटं मिळाली. तेवढ्यात संयोजकांची ‘वेळ संपली’ अशी चिठ्ठी आली.

अशा गप्पांना बसण्याआधी मी पुस्तक दोनदा वाचते. पहिल्यांदा नुसतं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. शेवटच्या कोऱ्या पानावर तयार प्रश्न लिहीत नाही, मी जिथं अडखळले त्या पानांचे आकडे लिहिते आणि पुढे चार शब्द: ‘८७ – सासू एकदम गप्प का?’ अशा पाच-सहा जागा तासाला पुरतात. नवी मुलं माझ्याकडे प्रश्नांची यादी मागतात. काही जण मोबाइलवर गोषवारा काढून आणतात आणि तयारी झाली म्हणतात. त्या गोषवाऱ्यात पूर आला असता, कपाट आलं नसतं. वाचायला वेळ नसेल तर सरळ नाही म्हणा. मी म्हटलेलं आहे, त्यानं मैत्री तुटत नाही.

दुसरी चूक ‘माझ्याही कादंबरीत असंच होतं’ ही. एकदा सुरू झालं की थांबत नाही. आपल्या लेखनातला अनुभव जरूर आणावा, पण प्रश्नाला धार येईल एवढाच. ‘मला प्रथमपुरुषी निवेदन मधेच सोडून द्यावं लागलं होतं, तुला ते शेवटपर्यंत कसं पेललं?’ इथं माझं एक वाक्य येतं आणि पुढची दहा मिनिटं समोरच्याची होतात. तासाभरात अशी दोन वाक्यं, त्याहून जास्त नाही, एवढं मी पाळते.

‘लेखनाची प्रेरणा काय?’ हे विचारूच नका. ‘यातलं खरं किती?’ हेही नको, विशेषतः लेखिकांना. त्यांना तो प्रश्न फार वेळा आणि फार वाईट हेतूनं विचारला गेलेला असतो.

नायक गावाकडून शिकायला पुण्यात आला की लगेच ‘कोसला’ काढू नका. ती कादंबरी १९६३ची आहे. तेव्हापासून गावाकडून पुण्यात आलेल्या प्रत्येक तरुणाच्या खांद्यावर तिचा नायक पांडुरंग सांगवीकर बसवला गेलाय. समोरच्या पुस्तकातला मुलगा कोणत्या खोलीत राहतो, मेसचे पैसे कुठून आणतो, ते विचारा.

शेवट फोडू नका. आदल्या दिवशी फोन करून ‘काय सांगायचं नाही’ एवढं ठरवा. बाकीचं मात्र फोनवर बोलून टाकू नका, शिळं होतं.

एरवी अगं-तुगं असेल तर व्यासपीठावर ‘आपण या कादंबरीत…’ असं म्हणू नका. श्रोत्यांना ते तत्काळ खटकतं.

आणखी एक चूक मला छोटी वाटत नाही. आपल्याच गटातल्या चार जणांनी आळीपाळीनं एकमेकांना बोलवायचं आणि ‘अहो रूपम्, अहो ध्वनिः’ करायचं. पुण्यात लेखकांनी एकत्र बसून बोलण्याची परंपरा जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकारानं १८७८मध्ये हिराबागेत ग्रंथकारांचं पहिलं संमेलन भरलं. पण १८८५च्या दुसऱ्या सभेचं निमंत्रण आलं, तेव्हा जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून नकार कळवला. जमणाऱ्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या दुःखाला जागाच नाही, हा त्यांचा आक्षेप होता. गप्पांसाठी लेखकांची नावं ठरवताना मला ते पत्र आठवतं. म्हणून मी ज्यांचं एकही पुस्तक आधी वाचलेलं नाही असा एक तरी लेखक वर्षातून निवडते, आणि शक्यतो पुण्याबाहेरचा.

आता वाचनाबद्दल. गप्पांमध्ये लेखकाला स्वतःचा मजकूर वाचायला लावाच, पण उतारा तिथं बसून शोधायला लावू नका. पानं उलटताना लेखक घाबरतो आणि हमखास पहिलं प्रकरण उघडतो. मी दीड-दोन पानांचा उतारा आधी निवडते, घरी मोठ्यानं वाचून घड्याळ लावते. पाच मिनिटांच्या वर गेला तर कापते. संवाद असलेला उतारा घेते, वर्णनाचा नाही. त्याची मोठ्या अक्षरातली प्रत बरोबर नेते, कारण सभागृहातला दिवा नेहमी लेखकाच्या डोळ्यांवर असतो, कागदावर नसतो. वाचन मी अर्ध्या तासानं ठेवते. तोवर लेखकाचा आवाज सुटलेला असतो. वाचून झालं की लगेच पुढचा प्रश्न टाकत नाही. पाणी पिऊ देते.