धुराची वेळ वेगळी, ओझोनची वेगळी: हवेचा अंदाज वाचून दिवस कसा आखावा

पुण्यात डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातच्या सुमारास गल्लीच्या टोकाला कोणी पालापाचोळा पेटवलेला असेल, तर त्या धुराकडे क्षणभर थांबून पाहावे. तो दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत चढतो, तिथे छत लागल्यासारखा आडवा होतो आणि इमारतींच्या मधून रेंगाळत राहतो. अकरा वाजता त्याच जागी तेवढाच पाचोळा पेटला, तर धूर सरळ वर जाऊन दिसेनासा होतो. हिवाळ्यातल्या रात्री जमीन झपाट्याने थंड होते, तिच्या लगतची हवा गार आणि जड होऊन खाली बसते आणि वरचा तुलनेने उबदार थर तिच्यावर झाकणासारखा राहतो. ऊन चढून जमीन तापली की हे झाकण उघडते. टेकड्यांनी वेढलेल्या पुण्यात ते अधिक घट्ट बसते.

हे एकदा डोळ्यांनी पाहिले की निर्देशांकाचा आकडा वाचणे सोपे जाते. राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक २०१५ पासून आपल्याकडे लागू आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ या ॲपवर तो दिसतो, तर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची ‘सफर’ ही सेवा पुणे-मुंबईसारख्या शहरांसाठी पुढील दिवसांचा अंदाज देण्याकरिता उभी राहिली. ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिशय वाईट आणि त्यापुढे गंभीर, अशा या पायऱ्या आहेत. मात्र हा आकडा सगळ्या प्रदूषकांची सरासरी नाही, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. प्रत्येक प्रदूषकाचा वेगळा उपनिर्देशांक काढला जातो आणि त्यांतला सर्वांत मोठा तेवढा जाहीर होतो. समजा, एखाद्या केंद्रावर पीएम २.५ हे सूक्ष्म कण दर घनमीटरला १०५ मायक्रोग्रॅम, पीएम १० हे कण १६० आणि ओझोन ४० आहे. यांचे उपनिर्देशांक अनुक्रमे सुमारे २५०, १४० आणि ४० होतात. फलकावर येतात ते २५०, म्हणजे ‘वाईट’. म्हणून आकड्याशेजारी प्रमुख प्रदूषक म्हणून कोणाचे नाव लिहिले आहे, ते आधी पाहावे. आपण काय करायचे, हे त्या नावावर ठरते.

दुसरी खबरदारी वेळेची. मंडळाचे रोजचे पत्रक दुपारी चार वाजता निघते आणि त्यात मागील २४ तासांची सरासरी असते. पहाटेचा दाट धूर आणि दुपारची मोकळी हवा त्या एका आकड्यात एकमेकांत मिसळून जातात. सकाळी फिरायला निघताना कालच्या चार वाजताचा आकडा पाहणे फारसे उपयोगाचे नाही. जवळच्या केंद्राचा तासागणिक आलेख उघडावा. शहराचा एकच आकडाही पुरेसा नाही, कारण कात्रज, शिवाजीनगर आणि भोसरी यांची हवा एकाच वेळी सारखी असेलच असे नाही. शिवाय परदेशी ॲपवरचा आकडा आणि आपला आकडा यांची तुलना करू नये. पीएम २.५ चे प्रमाण ६० असेल तर भारतीय निर्देशांक १०० दाखवतो आणि अमेरिकी निर्देशांक १५० च्या पुढे जातो. हवा तीच, मोजपट्टी वेगळी. माझा कल काटेकोर मोजपट्टीकडे आहे, कारण जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये २४ तासांसाठी सुचवलेली पीएम २.५ ची मर्यादा १५ आहे आणि आपले मानक ६० आहे. घरात दमेकरी किंवा तान्हे मूल असेल, तर ‘समाधानकारक’ या शब्दावर विसंबू नये असे मला मनापासून वाटते.

पुढच्या दिवसांचा कल ओळखायचा तर वाऱ्याकडे पाहावे. मुंबईत दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे धूळ आणि धूर पुढे ढकलतात, रात्री मतलई वारे तोच माल परत शहरावर आणतात. हिवाळ्यात खारे वारे उशिरा सुरू होतात आणि मंदही असतात, त्यामुळे हवामानाच्या अंदाजात सलग दोन-तीन दिवस वारा पडलेला, आकाश निरभ्र आणि पहाट गार दिसत असेल, तर धुराचे दिवस येत आहेत असे समजावे. पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीच्या हंगामात शेतातले पाचट पेटवले जाते, तेव्हा गावाकडची हवा शहरापेक्षा चांगली असेलच असे गृहीत धरू नये. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीनंतरची पहाट तर घरातच काढावी.

ओझोन या वायूचे गणित याच्या उलट आहे. तो कोणत्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. वाहनांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड आणि पेट्रोल, रंग, द्रावके यांच्या वाफा कडक उन्हात एकत्र आल्या की तो हवेतच तयार होतो. म्हणून मार्च ते मे या काळात, दुपारी साधारण बारा ते चार, त्याचा जोर असतो. पावसाळ्यात तो उतरतो. त्याची आठ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम आहे. विशेष म्हणजे गर्दीच्या चौकात तो अनेकदा कमी मोजला जातो, कारण वाहनांतून नुकताच निघालेला नायट्रिक ऑक्साइड त्याला खाऊन टाकतो. वाऱ्याच्या दिशेने शहराबाहेर, झाडीच्या उपनगरात तो जास्त सापडू शकतो. एप्रिलच्या दुपारी निळेशार आकाश पाहून मुलांना टेकडीवर धावायला नेणारे पालक पाहिले की म्हणूनच मला काळजी वाटते. तो रंगहीन असल्याने डोळ्यांना काही दिसत नाही, पण खोल श्वास घेताना छातीत जळजळते आणि कोरडा खोकला येतो. आणखी एक अडचण अशी की किमान तीन प्रदूषकांची आकडेवारी मिळाली तरी निर्देशांक काढता येतो, मात्र त्यांत पीएम २.५ किंवा पीएम १० असावे लागते. त्यामुळे ओझोनचे यंत्र बंद असले तरी फलकावर आकडा येतोच. उन्हाळ्यात ओझोनचा स्वतंत्र आकडा दिसतो आहे ना, याची खात्री करावी.

आता दिवसाची आखणी. हिवाळ्यात फिरणे आणि शाळेच्या मैदानावरचा सराव सकाळी नऊनंतर ठेवावा, खिडक्या रात्री उशिरापासून सकाळपर्यंत लावून घ्याव्यात आणि दुपारी सताड उघडाव्यात. उन्हाळ्यात हेच वेळापत्रक उलटे करावे: व्यायाम सकाळी लवकर, दुपारी खिडक्या बंद, संध्याकाळ उतरल्यावर उघड्या. धुराच्या दिवशी एन-९५ मुखपट्टी नाक-गालांवर घट्ट बसली तर उपयोगी पडते. ओढणी किंवा रुमाल सूक्ष्म कणांना अडवत नाही. ओझोन हा वायू असल्याने त्याच्यापुढे ही मुखपट्टीही चालत नाही, तिथे वेळ टाळणे हाच उपाय. हवा शुद्ध करणारे यंत्र घ्यायचे असेल तर सूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा गाळणीचे घ्यावे, स्वतःच ओझोन सोडणारे नको. आणि खिडक्या बंद असताना उदबत्ती, धूप किंवा डासांची कॉइल लावू नये, नाहीतर बाहेरचा धूर अडवून घरातच नवा तयार होतो.

दमेकऱ्याने एक वही ठेवावी. खोकला कोणत्या वेळी आला, पंप कधी घ्यावा लागला आणि त्या तासाला जवळच्या केंद्रावर पीएम २.५ व ओझोन किती होते, एवढेच दोन आठवडे लिहावे. कोणाला निर्देशांक १०० च्या आत असतानाच त्रास सुरू होतो, कोणाला २०० ला. ती वही पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवावी आणि औषधाच्या वेळा त्यांच्याकडूनच ठरवून घ्याव्यात.